आभाळ पडल्याची खबर कोणी तपासायची?



९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी भारतीय हवाई दलाचं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र सुटलं आणि पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात, मियाँ चन्नू या शहराजवळ जाऊन पडलं. युद्ध चालू नव्हतं. हल्ल्याचा हुकूम कोणी दिला नव्हता. क्षेपणास्त्रावर स्फोटक नव्हतं, त्यामुळे माणूस मेला नाही. पाकिस्तानी लष्कराने दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेतली. भारत सरकारने ११ मार्चला ‘तांत्रिक बिघाड’ झाल्याचं सांगून खेद व्यक्त केला. ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. आपल्यातल्या बहुतेकांनी ही बातमी वाचली, दोन दिवस चर्चा केली आणि सोडून दिली.

मला ती सोडून देता येत नाही. क्षणभर पलीकडच्या रडारसमोर बसलेल्या माणसाच्या जागी बसा. अण्वस्त्रं असलेल्या शेजारी देशातून एक वेगवान क्षेपणास्त्र आपल्याकडे येतंय. ते चुकून सुटलंय हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. त्यात स्फोटक आहे की नाही हेही पडद्यावर दिसत नाही. पाकिस्तानच्या सांगण्यानुसार ते त्यांच्या हद्दीत चार मिनिटांहून कमी वेळ होतं. एवढ्या वेळात ‘हा हल्ला आहे की अपघात’ हे ठरवायचं. त्या माणसाने हल्ला असं ठरवलं असतं, तर आज हा लेख लिहायला मी आणि वाचायला तुम्ही असतो का, हे सांगता येत नाही.

‘काष्टीत बसून आपण क्षेपणास्त्रांचा विचार कशाला करायचा’ असं कोणी म्हणेल. आपला जिल्हा लष्कराचा जिल्हा आहे. नगरला रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, यांत्रिकी पायदळाचं केंद्र आहे, लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे. के. के. रेंजवरच्या सरावाचे आवाज नगर, राहुरी, पारनेरच्या गावांना ओळखीचे आहेत. युद्ध झालं तर ते आपल्याला फक्त टीव्हीवर दिसणार नाही. आणि चुकीच्या इशाऱ्याने माणसं मारायला क्षेपणास्त्रच लागतं असंही नाही. ते आपल्या महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. त्याकडे मी येतोच.

दोन गोष्टी, दोन धडे

खोट्या इशाऱ्याचा विषय निघाला की आपल्याला शाळेतली ‘लांडगा आला रे आला’ आठवते. पोरगा खोटं बोलला, लोक फसले, शेवटी खरा लांडगा आला तेव्हा कोणी धावलं नाही. धडा काय, तर खोटं बोलू नये, आणि बोलणाऱ्याला शिक्षा करावी.

पण दुसरीही गोष्ट आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. भित्रा ससा आणि ‘आभाळ पडलं, पळा पळा’. या गोष्टीचं मूळ पाली जातकात आहे, दद्दभ जातक. तिथे आभाळ नाही, धरणी कोसळते. ताडाच्या पानाखाली झोपलेला ससा जग बुडण्याच्या विचारात असतो, तेवढ्यात पानावर बेलफळ पडतं आणि तो पळत सुटतो. त्याच्यामागे हजारो ससे, मग हरणं, रानडुकरं, गवे, हत्ती, सगळं रान समुद्राच्या दिशेने धावू लागतं. एक सिंह आडवा येतो आणि विचारतो, धरणी कोसळताना कोणी पाहिली? हत्ती वाघाकडे बोट दाखवतो, वाघ आणखी कोणाकडे, असं करत करत प्रश्न सशापर्यंत पोहोचतो. सिंह त्याला घेऊन त्या जागेवर जातो आणि पडलेलं बेलफळ पाहून येतो. जातककथांमधली पुनर्जन्माची चौकट आपण बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून बाजूला ठेवू. गोष्ट मात्र ठेवण्यासारखी आहे.

या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. ससा खोटं बोललेला नव्हता. तो खरोखर घाबरला होता. हत्तीही खोटारडा नव्हता. म्हणजे एकही लबाड नसताना सगळं रान समुद्रात बुडणार होतं. क्षेपणास्त्रांच्या इशारा-यंत्रणेतले खोटे इशारे या दुसऱ्या गोष्टीसारखे असतात, आणि आपण त्यांच्यावर उपाय मात्र पहिल्या गोष्टीतला करतो. दोषी शोधा, बडतर्फ करा, फाईल बंद करा. रान कशामुळे धावलं हे तसंच राहतं.

यंत्र चुकतं, माणूस थांबवतो

इतिहास काय सांगतो ते पाहू. ५ ऑक्टोबर १९६० ला ग्रीनलंडमधल्या थुले इथल्या अमेरिकन रडारने सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला येत असल्याचं दाखवलं. प्रत्यक्षात क्षितिजावर चंद्र उगवत होता. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात सरावासाठी तयार केलेला हल्ल्याचा देखावा खऱ्या यंत्रणेत शिरला आणि सगळ्यांना तो खरा हल्ला वाटला. पुढच्याच वर्षी जूनमध्ये अर्ध्या डॉलरपेक्षाही स्वस्त असलेली एक संगणकी चिप बिघडली आणि पुन्हा हल्ल्याचा इशारा आला.

२६ सप्टेंबर १९८३ ची रात्र सगळ्यात जवळची होती. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला सोव्हिएत संघाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, २६९ माणसं मेली होती. वातावरण पेटलेलं होतं. मॉस्कोजवळच्या केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव ड्युटीवर होते. उपग्रहाने दाखवलं, अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र निघालं. मग आणखी चार. नियम साधा होता, वर कळवायचं. पेत्रोव यांनी विचार केला. अमेरिकेला युद्धच करायचं असेल तर ती फक्त पाच क्षेपणास्त्रं का सोडेल? ही उपग्रह यंत्रणा नवी आहे, तिच्यावर इतका भरवसा का ठेवायचा? जमिनीवरच्या रडारला काहीच का दिसत नाही? त्यांनी ‘खोटा इशारा’ अशी नोंद वर कळवली. नंतर कळलं की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्र वाटला होता. पेत्रोव यांना तेव्हा बक्षीस मिळालं नाही. उलट त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी खावी लागली. शंका घेणाऱ्या कनिष्ठाला व्यवस्था अशीच वागवते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

२५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेने वैज्ञानिक प्रयोगासाठी अग्निबाण सोडला. रशियाला आधी पत्र पाठवून कळवलं होतं. पण ते पत्र कुठल्यातरी कार्यालयात राहिलं, रडारवरच्या माणसांपर्यंत पोहोचलंच नाही. राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. तहसीलमध्ये एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर जायला किती दिवस लागतात हे ज्याने अनुभवलंय, त्याला या घटनेचं नवल वाटणार नाही. भीती मात्र वाटेल.

१३ जानेवारी २०१८ ला सकाळी अमेरिकेतल्या हवाई राज्यात लोकांच्या मोबाईलवर संदेश आला की क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, हा सराव नाही. सराव चालू असताना एका कर्मचाऱ्याने तो खरा हल्ला समजला होता. इशारा खोटा असल्याचा संदेश मोबाईलवर पाठवायला ३८ मिनिटं लागली. तिथल्या गव्हर्नरना आपल्या ट्विटर खात्याचा पासवर्डच आठवत नव्हता, हे त्यांनी स्वतः नंतर सांगितलं. एवढ्या श्रीमंत, एवढ्या प्रगत देशात इशारा देण्याची सोय होती, तो मागे घेण्याची तयारी नव्हती.

मोकळी जागा कशाने भरते?

इथे समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट मांडायची आहे. इशारा कधीच पूर्ण माहिती देत नाही. पडद्यावर एक ठिपका असतो, मोबाईलवर एक ओळ असते. बाकी जागा मोकळी असते. ती मोकळी जागा माणूस आपल्या मनात आधीपासून असलेल्या संशयाने भरतो. म्हणून खोटा इशारा कोणावर पडेल हे योगायोगाने ठरत नाही. ज्याच्याविषयी आधीच शत्रुत्व आहे, ज्याला आधीच गुन्हेगार ठरवलंय, त्याच्यावर तो पडतो.

८ जानेवारी २०२० ला इराणच्या हवाई संरक्षण दलाने तेहरानहून निघालेलं युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं. १७६ माणसं गेली. काही तासांपूर्वी इराणने अमेरिकी तळांवर मारा केला होता आणि प्रतिहल्ला येणार हे सगळ्यांच्या डोक्यात होतं. त्यामुळे प्रवासी विमानाचा ठिपका शत्रूचं क्षेपणास्त्र ठरला.

आता महाराष्ट्रात या. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे संदेश व्हॉट्सॲपवर महिनाभर फिरत होते. त्या दिवशी बाजाराला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची ही माणसं. पोट भरायला गावोगाव फिरणारी. त्यांच्याकडे ओळख पटवायला कागद असले तरी ऐकणारं कोणी नव्हतं. जमावाच्या मनात भीती खरी होती, पण त्या भीतीला चेहरा दिला तो जुन्या पूर्वग्रहाने. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, पण गावाच्या डोक्यातून तो संशय गेला नाही. ‘मुलं पळवणारे आलेत’ हा इशारा आला तेव्हा गावातला सावकार किंवा पुढारी कोणाच्या डोळ्यासमोर आला नाही. भटका आला.

राईनपाडा आणि तेहरान यांत अंतर हजारो किलोमीटरचं आहे, पण दोन्ही ठिकाणी घडलं एकच. घाई, अर्धवट माहिती, आधीचा संशय आणि ‘कोणी पाहिलं?’ असं विचारणारा एकही माणूस नाही.

आपल्याच क्षेपणास्त्राने आपली माणसं

याच साखळीतली एक घटना महाराष्ट्राच्या घरापर्यंत आलेली आहे. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सीमेवर दोन्ही बाजूंची विमानं हवेत असताना श्रीनगरजवळ बडगाम इथे हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. त्यातले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मरण पावले. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. नाशिकने त्यांना डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला.

हेलिकॉप्टर कशाने पडलं? आपल्याच क्षेपणास्त्राने. आपल्याच संरक्षण यंत्रणेने आपल्याच हेलिकॉप्टरला शत्रू समजलं. ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ४ ऑक्टोबर २०१९ ला जाहीरपणे मान्य केलं. सात महिने लागले. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक होऊन गेली, प्रचारात सैनिकांच्या नावाने मतंही मागून झाली. सैनिकाच्या बलिदानाचं भाषण करणारे भरपूर होते. तो कशाने मेला हे विचारणाऱ्याला मात्र गद्दार म्हटलं जात होतं.

‘सैन्याविषयी प्रश्न विचारू नका’ असं आपल्याला कोणी सांगायला आलं, तर त्याला शांतपणे सांगा. सैन्याशी आपलं नातं कोणी शिकवायची गरज नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, आणि त्याच साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. आजही आपल्या वस्त्यांतली पोरं पहाटे उठून भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावतात. हेलिकॉप्टरमध्ये तीच असणार, रडारसमोरही तीच, सीमेवरच्या खंदकातही तीच. यंत्रणा नीट आहे का, हा प्रश्न सगळ्यात आधी त्यांच्या आईबापांचा आहे.

जबाबदारी कुठे थांबते?

ब्रह्मोस प्रकरणाचं पुढे काय झालं तेही पाहा. बडतर्फ झालेल्यांपैकी एका अधिकाऱ्याने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. आपल्याला देखभालीचं प्रशिक्षण दिलं होतं, क्षेपणास्त्र चालवण्याचं नाही, असा त्यांचा दावा. सरकारने न्यायालयात सांगितलं की या घटनेने सरकारी तिजोरीचं २४ कोटींचं नुकसान झालं आणि शेजारी देशाशी संबंधांवर परिणाम झाला. कोणाचं बरोबर ते न्यायालय पाहील. नागरिक म्हणून आपला प्रश्न वेगळा आहे. एका छोट्या पथकाच्या हातून राहिलेल्या कामामुळे क्षेपणास्त्र सुटू शकतं, अशी व्यवस्था कोणी ठेवली होती? तीन माणसांना घरी पाठवल्यावर ती व्यवस्था बदलली का? चौकशी अहवाल लोकांसमोर आलेला नाही.

आपल्याकडे सफाई कामगार गटारात गुदमरून मेला की मुकादमावर गुन्हा दाखल होतो आणि महापालिका सुटते. हेही त्याच वळणाचं. चूक नेहमी खालच्या पायरीवर सापडते, कारण चौकशीचा उजेड वरच्या पायऱ्यांवर पाडलाच जात नाही.

आणि आता वेळ आणखी कमी झाली आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी भारताने पाकिस्तानच्या हवाई तळांवर मारा केला. नूर खान तळावर आलेल्या ब्रह्मोसवर अणुबॉम्ब आहे का हे ठरवायला आपल्याकडे ३० ते ४५ सेकंद होते, असं पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे सल्लागार राणा सनाउल्लाह यांनी नंतर सांगितलं. पेत्रोव यांच्याकडे निदान काही मिनिटं होती. इथे सिंहाला आडवं यायलाही वेळ नाही.

त्याच दिवसांत आपल्या टीव्हीवाल्यांनी काय केलं? कराची बंदर उद्ध्वस्त, इस्लामाबाद ताब्यात, अशा खोट्या बातम्या रात्रभर चालवल्या. कार्यक्रमात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवले. शेवटी केंद्राच्या नागरी संरक्षण विभागाला १० मे रोजी वाहिन्यांना सांगावं लागलं की भोंग्याचा आवाज वापरू नका, लोकांना खऱ्या इशाऱ्याची सवय होऊन जाईल. म्हणजे ससा घाबरला होता तरी, हे तर भीती विकत होते.

बाबासाहेबांनी दाखवलेला सिद्धार्थ

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण बाबासाहेबांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत हे दिलेलं नाही. तिथे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचा तंटा आहे. सेनापती संघात युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो. आगळीक नेमकी कोणी केली याची चौकशी करा, आपल्याही माणसांनी केली असल्याचं ऐकतो आहे, असं तो भर सभेत म्हणतो. दोन माणसं आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी निवडलेला पाचवा, आणि या पाचांनी निवाडा करावा, असा त्याचा प्रस्ताव होता. बहुमताने तो हरला. लढायला नकार दिला म्हणून कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्तीची धमकी आली, तेव्हा त्याने कुटुंबाला वाचवण्यासाठी स्वतः देशत्याग पत्करला.

याचा अर्थ नीट घ्या. बाबासाहेबांच्या मांडणीत बुद्धाचा मार्ग सुरू होतो तो युद्धाच्या आरोळीपुढे ‘आधी चौकशी करा’ असं म्हणण्यापासून. पुढे केसपुत्तच्या कालामांनाही बुद्धाने हेच सांगितलं की ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, मोठ्याने सांगितलं म्हणून मान्य करू नका. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं की राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते. पूजा करणारा माणूस शंका घेत नाही. रडारसमोरही घेत नाही आणि गावच्या चौकातही घेत नाही.

मग काय मागायचं, काय करायचं?

भारत आणि पाकिस्तान यांच्यात ऑक्टोबर २००५ चा करार आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी करण्याआधी एकमेकांना कळवायचं. ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र, ते या करारात येत नाही. ते आलं पाहिजे. अण्वस्त्रांच्या अपघातांविषयी २००७ मध्ये वेगळा करार झाला, हॉटलाइन आहे. तरीही मियाँ चन्नूच्या वेळी भारताने लगेच कळवलं नाही, अशी पाकिस्तानची तक्रार होती. शस्त्र कोणतंही असो, चुकून सुटलं तर काही मिनिटांत फोन गेला पाहिजे, हे बंधनकारक हवं. चौकशी अहवालातला व्यवस्थेच्या दोषांचा भाग संसदेच्या समितीसमोर यावा. आणि अण्वस्त्रांचा शेवटचा निर्णय कुठल्याही संगणकाच्या हाती देऊ नये, कारण संगणकाला पेत्रोवसारखी शंका येत नाही. आपल्या खासदारांना हे प्रश्न लेखी विचारा. ते शेतीच्या भावावर बोलतात, यावरही बोलू देत.

दुसरं काम आपल्या हातातलं आहे. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात कोणी शेतकरी दात पाहिल्याशिवाय, चालवून पाहिल्याशिवाय बैल घेत नाही. तोच माणूस मोबाईलवर आलेला संदेश न वाचता चाळीस जणांना पाठवतो. आपल्या जिल्ह्यात गावोगाव ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला की गावातला माणूस स्वतःच्या आवाजात सगळ्यांना फोनवरून कळवतो. तिची ताकद यात आहे की सांगणारा ओळखीचा असतो आणि त्याला विचारता येतं. व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डला बाप नसतो. म्हणून प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत दोन तरुणांनी हे काम अंगावर घ्यावं. गावात अफवा आली की तिचा माग काढायचा, पोलीस ठाण्यात आणि सरपंचाकडे विचारायचं, आणि खरं काय ते त्याच ग्रुपवर आपल्या नावानिशी टाकायचं. आणि वस्तीवर भटकी माणसं पालं टाकून उतरली असतील, तर अफवेच्या दिवसांत आधी त्यांच्या पालावर जाऊन बसायचं. जमाव येण्याआधी.

हे सोपं नाही. लोक भित्रा म्हणतील, देशद्रोही म्हणतील, त्यांचा एजंट म्हणतील. सिद्धार्थालाही संघाने बहिष्काराची धमकी दिलीच होती. पण सगळं रान धावत असताना पाय रोवून उभं राहणं हे पळण्यापेक्षा अवघड आहे, आणि धम्माने आपल्याला तेच शिकवलंय. पुढच्या वेळी आभाळ पडल्याची खबर येईल, तेव्हा पहिला प्रश्न आपल्या तोंडून निघाला पाहिजे: कोणी पाहिलं?

जयभीम. नमो बुद्धाय.